चित्राबरहुकूम बटाटे

पुस्तकात छापलं होतं की एका ड्रममधून पोतंभर बटाटे निघतात. धाकट्याने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, पण ते खरं आहे की नाही हे पाहायला नव्हे. ‘पोतंभर’वरचा अनुस्वार पुसट उठला होता. तो अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

त्याचा धंदाच तो होता. सगळी नोकरी त्याने छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवली. निवृत्त झाल्यावरही छापखाना अधूनमधून घरी प्रुफं पाठवायचा, कारण नव्या लोकांच्या नजरेतून हत्ती सुटायचा आणि याच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. छापखान्यात त्याला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि त्याचा त्याला रागही नव्हता. आपल्याला कुणी काही म्हणतं, म्हणजे आपली दखल घेतली जाते, असंच त्याला वाटे. लग्न त्याने केलं नव्हतं. नकार असा कुणी दिला नव्हता. विचारायचं राहून गेलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी एवढं त्याचं घर. पुस्तकं स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीपर्यंत पोचलेली. बाल्कनीत ऊन चांगलं यायचं, पण तिथे रद्दीखेरीज कधी काही वाढलं नव्हतं.

या घरात थोरली बहीण आली ती पाय मोडल्यामुळे. नवऱ्यामागे ती गावाच्या कडेला आपल्या घरात एकटीच राहत होती. घरामागे जमिनीचा तुकडा होता आणि आयुष्यभर तिने घरची भाजी त्यातच काढली होती. एका सकाळी वांग्याच्या वाफ्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं. हॉस्पिटल भावाच्या घराजवळ, म्हणून ‘पाय बरा होईपर्यंत’ ती इथे आली. तोवर तिच्या संमतीने मुलाने ते घर भाड्याने दिलं. मागच्या जमिनीवर भाडेकरू आता गाडी उभी करत होता. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता, त्याने आईसाठी स्वतंत्र खोली तयार ठेवली होती, रंग देऊन. पाय बरा झाला की ती तिकडे जाणार, हे ठरलेलं होतं. निदान कुणी ते बदललं नव्हतं.

ती आल्यावर धाकट्याच्या कामाला गती आली. प्रुफं तपासायची खरी रीत दोघांची असते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवायची. नोकरीत त्याला वाचणारा जोडीदार होता. घरी तो दोन्ही कागद शेजारी ठेवून मान इकडून तिकडे हलवत बसे. आता थोरली वाचू लागली. आवाज खणखणीत, आणि पाय वर घेऊन बसायला तिला काही काम हवंच होतं.

“एका जुन्या ड्रममधून, स्वल्पविराम, जागा न अडवता, स्वल्पविराम, पोतंभर बटाटे सहज निघतात, पूर्णविराम,” तिने वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “याने कधी बटाटा लावलाय का रे?”

“कुणी?”

“या लेखकाने.”

“ते आपलं काम नाही, ताई. मुळाबरहुकूम आहे का, तेवढं आपण बघायचं.”

“आणि मूळच चुकलेलं असलं तर?”

“मग चूक बरोबर छापली गेली पाहिजे.”

“छान धंदा आहे तुझा,” थोरली म्हणाली. “आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका सांभाळून पोचवल्यास.”

तो हसला. अगदीच शंका आली तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायची मुभा होती. मग लेखक बघून घेई. पण अशी प्रश्नचिन्हं त्याने नोकरीभरात बोटांवर मोजण्याइतकीच केली होती. आपल्याला कळत नसेल, लेखकाला कळत असेल, असं त्याला नेहमी वाटे.

पुस्तक बाल्कनीत भाजी पिकवण्याच्या नव्या नव्या युक्त्यांचं होतं. टोमॅटोचं रोप बादलीच्या तळाला भोक पाडून उलटं टांगायचं. चपला-बूट ठेवायचा कापडी कप्प्यांचा पडदा भिंतीवर लावून कप्प्याकप्प्यात पालक पेरायचा. आणि हा बटाट्याचा ड्रम: तळाशी वीतभर माती, त्यात कोंब आलेले बटाटे; रोप वर आलं की शेंडा तेवढा उघडा ठेवून आणखी माती घालायची, असं करत ड्रम काठापर्यंत भरायचा. बटाटे म्हणे खालपासून वरपर्यंत थराथराने लागतात. शेजारी चित्र होतं. ड्रम उभा कापून दाखवलेला, आत चार थर, प्रत्येक थरात दोन्ही बाजूंना सारखे बटाटे. धाकट्याला ते चित्र आवडलं. त्यात कुठे काही सुटलेलं नव्हतं.

“असं खरंच येत असेल?” त्याने विचारलं.

“मी जमिनीत लावायचे. ड्रमाचं मला ठाऊक नाही.” थोरलीने बाल्कनीकडे पाहिलं. “पण वाकायला लागणार नाही, एवढं खरं.”

तेवढ्या बोलण्यावर दुसऱ्या दिवशी ड्रम आला. मग बादली आली, कापडी पडदा आला, मातीच्या गोण्या आल्या. लिफ्टमध्ये माती सांडली आणि खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईने वर येऊन विचारलं, “काका, वर शेत घेतलंय का?”

“थोडंसं,” धाकटा म्हणाला.

इथे या घराण्याची एक रीत सांगायला हवी. त्यांच्यात कुणी कुणाला ‘राहा’ असं म्हणत नसे. का, ते सांगता येणार नाही. जिभेला वळणच नव्हतं. पाहुणा जायला निघाला की वडील खिडकीबाहेर बघून म्हणत, “आता बस मिळेल असं वाटत नाही.” आणि आई काही न बोलता पाहुण्याची एक चप्पल कॉटखाली सरकवून देई. घरभर शोधाशोध होई, तोवर चहा होई, आणि पाहुणा हरलेल्या चेहऱ्याने पुन्हा टेकत असे. चप्पल सकाळी सापडे. पाहुण्यांनाही हे माहीत होतं. ज्याची चप्पल हरवत नसे, तो पुन्हा येत नसे.

थोरलीने राहावं, असं धाकट्याला वाटत होतं. दुसरं काहीही त्याला इतकं कधी वाटलं नव्हतं. सकाळी दोन कप विसळताना, किंवा ती वाचता वाचता ‘अर्धविराम’ म्हणून क्षणभर थांबे तेव्हा, हे वाटणं त्याच्या ओठांशी येई आणि तिथेच राही. चप्पल लपवण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशनपासून ती घरात एकच जोड वापरत होती आणि तो सतत तिच्या पायात असे.

युक्त्यांपैकी कापडी पडदा सगळ्यात आधी निकालात निघाला. वरच्या कप्प्यांत घातलेलं पाणी खालच्या कप्प्यांत उतरायचं. वरचा पालक दुपारपर्यंत वाळून कागद व्हायचा आणि खालचा कुजायचा. मधल्या एका रांगेत थोडी पानं आली. थोरलीने ती खुडून तळहातावर ठेवली.

“एका माणसाच्या एका घासाची सोय झाली,” ती म्हणाली. “चपलांची जागा चपलांनाच असू दे.”

उलट्या टोमॅटोचं वेगळंच होतं. रोपाने खाली वाढायला साफ नकार दिला. बादलीतून बाहेर पडल्या पडल्या त्याने मान वळवली आणि ते गळासारखं वर, उजेडाकडे निघालं.

“झाडाला कळतं खाली काय आणि वर काय,” थोरली म्हणाली. “पुस्तकाला कळत नाही.”

“पण जगलंय ना?”

“जगतं रे. उलटं टांगलं तरी माणूससुद्धा जगतो काही दिवस.”

पण त्याला फुलं आली, आणि पुढे फळंही धरली, सुपारीपेक्षा थोडी मोठी. थोरलीला हे अपेक्षित नव्हतं आणि तिने ते कबूल केलं. अडचण निराळीच होती. घातलेलं पाणी तळाच्या भोकातून ठिबकायचं ते खालच्या बाल्कनीत. शिवणवाली पुन्हा वर आली. तिच्या हातात पांढरं कापड होतं आणि त्यावर मातकट थेंबांची रांग.

“मावशी, हा बघा तुमचा टोमॅटो. गिऱ्हाइकाचा ब्लाउज आहे.”

“ठिपक्यांचं कापड महाग असतं,” थोरली म्हणाली. “जास्त शिलाई घे.”

शिवणवालीला हसू आवरलं नाही. मग बादलीखाली थाळी ठेवायचं ठरलं. पहिलं पिकलेलं फळ तिला द्यायचंही ठरलं.

राहिला ड्रम, आणि ड्रम जोरात होता. पानं हिरवीगार, दाट. आठवडा गेला की धाकटा माती घालायचा, शेंडे वर यायचे, तो पुन्हा घालायचा. थोरली ड्रमशेजारी उन्हात खुर्ची टाकून पाय पसरून बसे आणि हात लांबवला की पानांपर्यंत पोचे. चालता येऊ लागलं होतं तिला, काठीने. प्रुफं परत गेली होती; चित्रांचं काही तरी राहिलं होतं, शेवटची प्रुफं नंतर येणार होती.

त्या सुमारास एकदा भाच्याचा फोन आला. थोरलीने तो बाल्कनीत बसूनच घेतला. धाकटा आत टेबलापाशी होता.

“हो रे, चालते आता... नाही, जिनाही उतरले परवा... गाडी घेऊन? कधी म्हणजे...” ती थोडी थांबली. धाकट्याला आतून तिची पाठ आणि ड्रमाचा हिरवा माथा एवढंच दिसत होतं. “बटाटे निघाले की सांगते,” ती म्हणाली.

हे वाक्य त्याने पुढे बरेच दिवस तपासलं. बटाटे निघाले की सांगते. काय सांगते? निघते म्हणून, की राहते म्हणून? तो ज्या बाजूने बघे, त्या बाजूने ते निराळं दिसे. शेवटी त्याने त्याचा एक अर्थ लावला: चांगले निघाले, तर इथेही भाजी पिकते असं तिला वाटेल, आणि ती राहील; नाही निघाले, तर जाईल. तिला विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण लेखक शेजारच्या खोलीत बसलेला असतानाही त्याला शंका न विचारण्याची सवय त्याने आयुष्यभर जोपासली होती.

पानं पिवळी पडू लागली. ड्रमाच्या तळाजवळ त्याने नळवाल्याकडून एक छोटी खिडकी पाडून घेतली होती. पुस्तकात म्हटलं होतं की तिच्यातून हवे तेवढे बटाटे काढून घ्यावेत. थोरली आंघोळीला गेली असताना त्याने खिडकी सरकवली आणि हात आत घातला. तळाशी त्याला काही बटाटे लागले. पाच, फार तर सहा. मग त्याने हात वर नेला, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. वर माती होती. मातीतून उभे गेलेले देठ होते आणि दोऱ्यासारखी मुळं. दुसऱ्या थराच्या जागी माती, तिसऱ्याच्या जागीही माती. त्याने खिडकी बंद केली, हात धुतले आणि पुस्तकातलं चित्र आठवून बघितलं. चित्रात चूक नव्हती. म्हणजे चूक ड्रमात होती.

धाकट्याला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि त्याने जे केलं त्याला तो मनात खोटं म्हणत नव्हता. छापलेलं मुळाशी जुळत नसलं की दुरुस्त करायचं, एवढंच त्याला येत होतं. या वेळी मूळ पुस्तकात होतं आणि ड्रमात चुकीचं उठलं होतं.

थोरलीला पायाच्या व्यायामासाठी हॉस्पिटलात जायचं होतं. त्या दिवशी शिवणवाली तिच्यासोबत गेली. त्या जाताच तो बाजारात गेला. परतताना लिफ्ट बंद होती. पिशवी जड होती, आणि दुसऱ्या मजल्यावर शिवणवालीच्या सासूबाई दारातच बसलेल्या.

“पाहुणे यायचेत का?” त्यांनी पिशवीकडे बघून विचारलं.

“नाही. जायचं चाललंय एकाचं,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून घाईने वर गेला.

बाजारचे बटाटे धुतलेले, चकचकीत होते. ते त्याने ओल्या मातीत घोळले. मग पसरट चमच्याने ड्रममधली माती वरून उकरली, देठांना धक्का न लावता, खाली खिडकीपर्यंत. हे काम त्याला छान जमलं. मग चित्र. छापखान्याने जुन्या प्रुफांची एक प्रत त्याच्याकडे राहू दिली होती. ती त्याने खुर्चीवर उघडी ठेवली आणि थर लावले. तळाच्या थरात खरे होते, त्यांना हात लावायचा प्रश्न नव्हता. त्यावर दुसरा, मग तिसरा, मग चौथा. चित्रात दोन्ही बाजूंना सारखे होते, म्हणून त्यानेही सारखे ठेवले. चौथ्या थराला एक बटाटा कमी पडला, तेव्हा तो अस्वस्थ होऊन स्वयंपाकघरातल्या टोपलीतून एक घेऊन आला. माती पुन्हा भरली, हलकेच दाबली, वर पिवळी पानं सारखी केली.

थोरली आली तेव्हा तो टेबलापाशी वाचत बसला होता.

“नखं बघ तुझी,” ती म्हणाली.

“शाईचं आहे,” तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी भाचा गाडी घेऊन आला. आईने बोलावलं नव्हतं, पण फोनवर पानं वाळल्याचं सांगितलं होतं आणि त्यावरून त्याने अंदाज केला. मोकळा, मोठ्याने बोलणारा, मामावर माया असलेला माणूस. बाल्कनीत चादर अंथरली गेली. थोरली खुर्चीवर, धाकटा दारात, आणि भाच्याने बाह्या सरसावून वरून माती काढायला घेतली. दोन ओंजळी झाल्या नाहीत तोच पहिला बटाटा निघाला.

“अरे वा,” तो म्हणाला. “लगेच?” मग दुसरा, तिसरा. “मामा, हे भारी आहे. एवढ्याशा जागेत. तुम्ही याचं पेटंट घ्या.”

“पुस्तकातलं आहे,” धाकटा म्हणाला.

“इतक्या वर?” थोरलीने विचारलं. वरची ही माती तेवढी तिने स्वतःच्या हाताने, खुर्चीत बसल्या बसल्या, सगळ्यात शेवटी घातली होती. तिने चादरीवरून एक बटाटा उचलायला सांगितला. भाच्याने दिला. ती तो हातात फिरवत राहिली. मग सालीवरून अंगठा दाबून घासला. साल जागची हलली नाही. तिने बटाटा मांडीवर ठेवला आणि दुसरा मागितला.

भाचा उकरत गेला. प्रत्येक थरात बटाटे, डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे. त्याने फोटो काढले. धाकटा थोरलीच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि तिथे काही छापलेलं नव्हतं. शेवटी भाच्याने ड्रम तिरपा करून तळ मोकळा केला. तळाशी होते ते लहानमोठे, वेडेवाकडे, पांढऱ्या दोऱ्यांनी देठाला लटकलेले. थोरलीने त्यातला एक हातात घेतला आणि अंगठा घासला. पातळ साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून अंगठ्याला चिकटली. ती तिने बराच वेळ पाहिली. मग तिने मान वर करून भावाकडे बघितलं आणि भावाने ड्रमाकडे.

“चला,” भाचा हात झटकत म्हणाला. “निघाले बटाटे. आई, बॅग भरायला घेऊ ना?”

धाकट्याने दाराची चौकट धरली. अर्थ उलटा लागला होता. इतके निघाले, इतके चांगले निघाले, की आता जायला काही हरकत उरली नव्हती. तो सोपा अर्थ वाक्यात पहिल्यापासून होता, आणि त्याच्या नजरेतून सुटला होता.

“अजून टोमॅटो आहे,” थोरली म्हणाली.

भाच्याने बादलीकडे पाहिलं. “आई, त्याच्यावर अजून एकसुद्धा पिकलेला नाही.”

“म्हणूनच.”

“अगं, पण पाय बरा झाला की यायचं ठरलं होतं ना आपलं?”

“बरा झालाय. पाय बरा असला की माणूस कुठेही राहू शकतो. मी इथे राहते.” मग तिचा आवाज थोडा उतरला. “तुझ्या खोलीचा रंग कोणता दिलायस?”

“फिका हिरवा.”

“येईन बघायला. चांगली आठ दिवस येईन. पण पाहुणी म्हणून येईन. पाहुणीचे लाड जास्त होतात.”

भाच्याला वाईट वाटलं; ते त्याने लपवलं नाही. तो मामाकडे वळून म्हणाला, “मामा, तुम्ही तरी सांगा हिला.”

धाकट्याने तोंड उघडलं. “आता रस्त्यावर गर्दी असेल,” तो म्हणाला. “जेवून जा.”

उकडलेले बटाटे, मीठ, मिरपूड. भाचा पोटभर जेवला, उरलेले निम्मे बटाटे त्याच्या गाडीत चढले आणि तो संध्याकाळी गेला. थोरली चादरीवरची माती काठीने एका बाजूला ओढत होती. धाकटा भांडी पुसत होता, पुसून झालेली पुन्हा पुसत होता.

“धाकट्या,” तिने हाक मारली.

तो आला.

“आई चप्पल लपवायची. तू बटाटे लपवलेस.”

त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली.

“निदान तिला कळायचं तरी, कुठे लपवायचं ते.”

“कशावरून कळलं?” त्याने विचारलं.

“बटाटा देठाला लटकलेला असतो रे. आणि पेरतो त्याच्या आसपासच लागतो, गळ्यापर्यंत माती घातली म्हणून तो वर चढत नाही. तुझे नुसते बसले होते, वर्गात मुलं बसतात तसे. आणि नव्या बटाट्याची साल एवढी जाड नसते.”

“चित्रात तसंच होतं,” तो म्हणाला. “चार थर.”

“मोजून लावलेस?”

“दोन्हीकडे सारखे.”

थोरलीला हसू आलं आणि ते थांबेना. हसता हसता तिने मोडलेल्या खुब्यावर हात दाबून धरला. “अरे देवा,” ती म्हणाली. “तुला एकट्याला सोडून गेले, तर तू त्या टोमॅटोला बाजारचे टोमॅटो दोऱ्याने बांधशील.”

“नाही बांधणार,” धाकटा म्हणाला. मग जरा वेळाने, “पण विचार आला होता.”

तळाचे बटाटे तिने खायला दिले नव्हते. ते तिने पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, कोंब यायला. त्याच आठवड्यात नळवाला येऊन ड्रम मधोमध कापून गेला. वरच्या अर्ध्याला त्याने ड्रमाचं झाकण तळ म्हणून बसवलं; दोन अर्धे झाले, पसरट घमेल्यासारखे. एकेक अर्धा जुन्या स्टुलावर ठेवला की काठ बरोबर थोरलीच्या हाताशी येत होता. माती उथळ, पण जागा दुप्पट. थोरलीच्या मते ही काही युक्ती नव्हती. हा जमिनीचा तुकडा होता, फक्त वर उचललेला.

पुढे शेवटची प्रुफं आली. दोघं बसले. ती वाचत गेली, पेन्सिल फिरत गेली. ड्रमाचं पान आलं.

“पोतंभर बटाटे सहज निघतात, पूर्णविराम,” तिने वाचलं आणि ती थांबली. तो पुढे जाईना. अनुस्वार आता स्वच्छ उठला होता. त्या ओळीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. धाकट्याने समासात प्रश्नचिन्ह केलं. मग, नोकरीभर कधी केलं नव्हतं असं, त्याने त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ लिहिली.

“काय लिहिलंस? वाच.”

“आम्ही लावून पाहिले. तळाशीच लागतात.”

“आम्ही म्हणजे कोण?”

त्याने पेन्सिलीचं टोक तपासलं. “तू आणि मी,” तो म्हणाला. “इथे राहतो ते.”

थोरलीने चष्मा नीट केला. “पुढे घेऊ?”

“घे.”

पुस्तक छापून आलं तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं होतं, चित्रही तसंच. लेखकाने शंका वाचली की नाही, ते कळलं नाही. छापखान्याने रिवाजाप्रमाणे एक प्रत घरी पाठवली. ती जाडजूड होती आणि एका स्टुलाचा एक पाय आखूड होता. थोरलीने ती त्याच्याखाली ठेवायची का म्हणून विचारलं. धाकट्याला ते बरं वाटेना, म्हणून त्याने पुस्तक फळीवर ठेवलं आणि पायाखाली जुनी प्रुफं घडी करून घातली.